बुडिताचे वाटेकरी

महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली ती २१ सप्टेंबर २०१९ रोजी. त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या पीएमसी बँकेवर, निर्बंध घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी खातेदारांना कळले, की पुढच्या सहा महिन्यांत आपल्या खात्यातून मिळून एक हजार रुपयेच काढता येतील. बँकेच्या १३७ शाखा होत्या, ठेवीदार नऊ लाखांहून अधिक आणि ठेवी साडेअकरा हजार कोटींच्या वर. आरडाओरडा झाला तशी मर्यादा वाढत गेली. आधी १० हजार झाली, मग २५, मग ४०, नोव्हेंबरात ५० हजार आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये १ लाख. ज्याचे पैसे त्यालाच हप्त्याहप्त्याने परत मिळत होते, आणि प्रत्येक हप्त्याची बातमी मात्र ‘दिलासा’ या मथळ्याखाली छापून येत होती. ५० हजारांची मर्यादा आल्यावर ७८ टक्के ठेवीदारांना आपली सगळी रक्कम काढता येते, असे संसदेत सांगण्यात आले. आकडा खराच होता. पण उरलेले २२ टक्के म्हणजे दोन लाख माणसे, आणि बँकेतला बहुतेक पैसा त्यांचाच, हा त्याच आकड्याचा दुसरा अर्थ कोणी मोठ्याने सांगितला नाही.

बँक बुडाली की ठेवीदाराबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. पहिला सूर हळहळीचा: पेन्शन अडकली, मुलीचे लग्न अडकले, शस्त्रक्रिया खोळंबली. दुसरा उपदेशाचा: अर्ध्या टक्क्याच्या मोहाने सहकारी बँकेत गेलात, आता भोगा. दोन्ही सुरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की जे घडले तो अपघात होता आणि ठेवीदार त्यात सापडला. हे गृहीतच तपासायला हवे. बँक उघडपणे कोसळते त्या दिवसाच्या कितीतरी आधी नुकसान होऊन गेलेले असते. निर्बंधांच्या दिवशी सुरू होते ती त्या नुकसानीची वाटणी. कोणी किती सोसायचे, कोणी किती काळ थांबायचे आणि कोणाला आधी मोकळे करायचे, हे कायदा आणि राजकारण मिळून ठरवतात. या वाटणीत ठेवीदार शेवटच्या जागी असतो, कारण त्याला बँकेत मत नाही आणि बँकेबाहेर त्याची मतपेढी नाही. माझे म्हणणे एवढेच आहे; पुढे आहे तो त्याचा पुरावा.

आधी त्या मोहाच्या आरोपाचा निकाल लावू, कारण तो सर्वांत सोयीचा आहे. ठेव ठेवण्यापूर्वी चौकशी करायला हवी होती, हे म्हणणे वरवर रास्त आहे. पण चौकशी करणाऱ्याच्या हाती काय आले असते? मार्च २०१९ अखेरच्या ताळेबंदात पीएमसीचे ढोबळ थकीत कर्ज ४ टक्क्यांच्याही आत दाखवले होते. त्या काळात कित्येक सरकारी बँकांचे आकडे याच्या तिप्पट-चौपट होते. म्हणजे कागदावर विश्वास ठेवणाऱ्या सावध माणसाने सरकारी बँकेतून पैसे काढून पीएमसीत ठेवले असते तरी त्याला वेडा म्हणता आले नसते. बँक अनुसूचित होती, तिचे लेखापरीक्षण होत होते, रिझर्व्ह बँकेची तपासणी होत होती. आणि याच काळात बँकेच्या ८,८८० कोटींच्या आसपासच्या कर्जापैकी सुमारे ६,५०० कोटी, म्हणजे जवळपास पाऊण भाग, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता. ती थकीत खाती झाकण्यासाठी तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार २१,०४९ बनावट खाती उभी केली होती. तपासणीला बसलेल्या व्यावसायिकांना ती वर्षानुवर्षे दिसली नाहीत. शेवटी बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांनीच रिझर्व्ह बँकेला पत्र लिहून कबुली दिली. मग सायनच्या किंवा भांडुपच्या रिक्षाचालकाने, निवृत्त शिक्षिकेने ती खाती पावतीच्या मागच्या बाजूला वाचायला हवी होती का? शिवाय काही ठेवीदारांना निवड करण्याची मोकळीकच फारशी नव्हती. गृहनिर्माण संस्थांनी आपला निधी कुठे ठेवावा हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ७० ठरवते, आणि त्याचा कल आधीपासून सहकारी बँकांकडे आहे. कायद्याने ज्या दाराकडे बोट दाखवले त्या दारातून आत गेलेल्या सोसायटीला पुढे मोहाचे व्याख्यान द्यायचे, हे जरा अतीच होते.

वाटणी माणसे ठरवतात, हे सिद्ध करायला फार लांब जावे लागत नाही. पीएमसीचे ठेवीदार रस्त्यावर होते तेव्हाच, ५ मार्च २०२० रोजी, येस बँकेवर निर्बंध आले. तिथेही कर्जे बड्या उद्योगसमूहांना दिलेली होती, तिथेही थकीत कर्जे वर्षानुवर्षे कमी दाखवली गेली होती. काढण्याची मर्यादा ५० हजारांची ठेवली होती. पण स्टेट बँकेच्या पुढाकाराने आठ वित्तसंस्थांनी मिळून १० हजार कोटींचे भांडवल घातले, पुनर्रचनेची योजना अधिसूचित झाली आणि १८ मार्चला, म्हणजे तेराव्या दिवशी, निर्बंध उठले. ठेवीदाराचा एक रुपयाही बुडाला नाही. बुडाले ते भागधारकांचे बाजारमूल्य आणि ८ हजार कोटींहून अधिक किमतीचे विशेष रोखे. नुकसान कोणी सोसायचे याचा तिथे लावलेला क्रम निदान ठेवीदाराच्या बाबतीत पुस्तकात सांगितल्याप्रमाणेच होता: आधी मालक आणि जोखीम पत्करून रोखे घेणारे, शेवटी ठेवीदार. पीएमसीच्या ठेवीदाराला सुटकेसाठी २५ जानेवारी २०२२ पर्यंत थांबावे लागले, म्हणजे अठ्ठावीस महिने. आणि ती सुटकाही अर्धीमुर्धीच होती.

यावर कायद्याचे जाणकार एक बिनतोड वाटणारा आक्षेप घेतात. खासगी बँकेची पुनर्रचना करण्याचा अधिकार बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ ने रिझर्व्ह बँकेला दिलेला होता. सहकारी बँकांना ते कलम लागूच नव्हते. सहकारी बँकेवर १ मार्च १९६६ पासून दुहेरी अंमल आहे. बँकिंगचा भाग रिझर्व्ह बँकेकडे, तर संस्थेची नोंदणी, निवडणुका, संचालक मंडळ, अवसायन हे सगळे सहकार निबंधकाकडे. मग रिझर्व्ह बँक करणार काय? आक्षेप खरा आहे, आणि माझ्या मते तो माझ्याच बाजूने उभा राहतो. दुहेरी अंमलाचे तोटे मुंबईत पहिल्यांदा २०१९ साली कळले असे नाही. अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक २००१ मध्ये शेअर दलालाला दिलेल्या कर्जांपायी कोसळली, तेव्हाच हा प्रश्न देशभर चव्हाट्यावर आला होता. त्यानंतर जवळपास दोन दशके समित्या बसल्या, अहवाल आले, राज्यांशी सामंजस्य करार झाले; कलम मात्र बदलले नाही. बदलले ते जून २०२० च्या अध्यादेशाने, म्हणजे पीएमसीच्या ठेवीदारांनी मुंबईत निवडणुकीच्या ऐन तोंडावर निदर्शने केल्यावर, १० ऑक्टोबरला अर्थमंत्र्यांना पक्ष कार्यालयात गाठल्यावर आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका दाखल करून न घेता उच्च न्यायालयाचा रस्ता दाखवल्यावर. अधिकार नव्हता हे खरे. पण जो अधिकार वीस वर्षे कोणाला हवासाच वाटला नाही, त्याच्या अभावाला निव्वळ तांत्रिक अडचण म्हणता येत नाही. राज्य सरकारांना निबंधकाची खुर्ची सोडायची नव्हती आणि त्या खुर्चीच्या आसपास वावरणाऱ्या सर्वपक्षीय संचालकांनाही ती हलू द्यायची नव्हती. आणि अध्यादेशानंतरही पीएमसीला एकोणीस महिने लागले, हे विसरू नये.

आता त्या सुटकेकडे पाहू. पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ठेव विम्यातून ५ लाखांपर्यंतची रक्कम मिळाली. त्यावरची रक्कम अशी मिळणार: पहिल्या वर्षाअखेर ५० हजार, दुसऱ्या वर्षाअखेर आणखी ५० हजार, तिसऱ्याला १ लाख, चौथ्याला अडीच लाख, पाचव्याला साडेपाच लाख, आणि यातूनही काही उरलेच तर ते दहा वर्षांनी. मार्च २०२१ नंतर, विलीनीकरणाला पाच वर्षे पुरी होईपर्यंत, व्याज नाही आणि नंतर मिळेल ते पावणेतीन टक्क्यांनी. २० लाख ठेवलेल्या माणसाचे शेवटचे ५ लाख जानेवारी २०३२ मध्ये हाती येतील. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर २०१९ ते २०३२ या काळात त्या मुद्दलाची खरेदीशक्ती निम्म्यावर येते. कागदोपत्री त्याचा पैसा बुडाला नाही. ‘शंभर टक्के परतफेड’ असेच त्याचे वर्णन होते. प्रत्यक्षात त्याच्या मुद्दलाचा मोठा भाग काळाच्या रूपाने कापून घेतला आहे. आणि ज्याने निवृत्तीचे पैसे ठेवले त्याच्या बाबतीत दहा वर्षे हा आकडा व्याजगणिताचा राहत नाही. सत्तरीतल्या माणसाला ऐंशीव्या वर्षी पैसे मिळतील असे सांगणे म्हणजे ते त्याच्या वारसांना मिळतील असे सांगणे. मधल्या काळात अडचणीच्या कारणासाठी जादा रक्कम काढण्याची सोय होती, पण त्यासाठी अर्ज लागे, कागदपत्रे लागत, रुग्णालयाचे अंदाजपत्रक लागे. स्वतःचेच पैसे मिळवण्यासाठी स्वतःचे आजारपण सिद्ध करून दाखवायचे, ही अवस्था ज्यांनी कर्जे बुडवली त्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांच्यासाठी न्यायालय होते, वकील होते, तारखा होत्या.

पीएमसी निदान देशभर गाजली. पुण्याची रुपी बँक १९१२ सालची. तिच्यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द होऊन प्रकरण संपले ते २०२२ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत विलीनीकरणाची बोलणी होत राहिली आणि फिसकटत राहिली. मुंबईच्या सीकेपी बँकेचे निर्बंध २०१४ चे, परवाना रद्द झाला एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत. ठेव विम्याचे पैसे तेव्हा परवाना रद्द झाल्यावरच मिळत. म्हणजे बँक मेलेली नाही असे म्हणत तिला जितकी वर्षे टांगून ठेवायचे, तितकी वर्षे विमाही टांगलेला. ऑगस्ट २०२१ मध्ये विमा कायदा दुरुस्त झाला आणि निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत पैसे देण्याचे बंधन आले. ही दुरुस्ती मोलाची आहे, यात शंका नाही. त्यानंतर सोळा बँकांच्या ठेवीदारांना पैसे मिळाले आणि डिसेंबरात दिल्लीत त्याचा समारंभही झाला. ज्यांच्या आंदोलनामुळे कायदा बदलला ते पीएमसीचे ठेवीदार मात्र त्या यादीतून गळाले होते, कारण त्यांच्या बँकेचे विलीनीकरण चालू होते.

विम्याच्या मर्यादेची गोष्टही अशीच बोलकी आहे. १९६० साली पालई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर ठेव विम्याची कल्पना कायद्यात उतरली आणि १९६२ पासून दीड हजार रुपयांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले. मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत १९९३ मध्ये १ लाखावर आली आणि तिथेच थांबली. सत्तावीस वर्षे. या काळात मुंबईतल्या घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, आमदार-खासदारांचे वेतन कितीदा वाढले, महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारला गेला. ठेवीदाराचा १ लाख मात्र जागचा हलला नाही. तो ५ लाख झाला फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पानंतर, पुन्हा पीएमसीच्याच धक्क्याने. ज्या गटाची बाजू मांडायला सभागृहात कोणी नसते, त्याच्या वाट्याच्या रकमेला महागाई कधी शिवत नाही, एवढाच याचा अर्थ.

इथवर बँकेबाहेरची गोष्ट झाली. मूळ दुखणे बँकेच्या आत आहे, आणि ते समजायला थोडे मागे जावे लागते. भारतातली नागरी सहकारी पतपुरवठ्याची पहिली संस्था १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली: अन्योन्य सहकारी मंडळी. तिथल्या मराठी मध्यमवर्गीयांनी सावकाराच्या कचाट्यातून सुटण्यासाठी आपसात पैसे जमवायचे आणि गरजूने त्यातून उचलायचे. आज ठेवणारा उद्या कर्ज घेणारा, आणि दोघे एकमेकांना ओळखणारे. एक सभासद एक मत हे तत्त्व या रचनेला शोभणारे होते, कारण मत देणारा दोन्ही बाजूंनी बांधलेला होता. पुढे बँका वाढल्या, शाखा जिल्हा आणि राज्य ओलांडून गेल्या, आणि ठेवणारा व उचलणारा ही दोन वेगळी माणसे झाली. नियम मात्र जुनेच राहिले. कर्ज घ्यायचे तर शेअर घ्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेचे प्रमाण तारणी कर्जाला अडीच टक्के आणि विनातारण कर्जाला पाच टक्के असे होते. शेअर घेतला की सभासदत्व, सभासदत्व आले की मत. ठेव ठेवायला शेअर लागत नाही. परिणामी बँकेचा ऐंशी-नव्वद टक्के पैसा ज्यांचा, त्यांना संचालक निवडण्याचा अधिकार नाही. तो अधिकार मुख्यतः कर्जदारांकडे. कर्जदारांनी निवडलेले मंडळ कर्जवसुलीत किती कडक राहील, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

कोणी म्हणेल, एचडीआयएलने पीएमसीची निवडणूक जिंकून कर्जे घेतली नव्हती. तिथे वरिष्ठ व्यवस्थापनानेच संचालकांनाही अंधारात ठेवल्याचे सांगितले गेले. मान्य. पण प्रश्न असा आहे, की संचालक मंडळात एकही माणूस असा का नव्हता ज्याचा स्वतःचा, किंवा ज्यांनी त्याला पाठवले त्यांचा, पैसा तिथे अडकलेला आहे आणि म्हणून जो बँकेच्या सर्वांत मोठ्या कर्जदारांची यादी दर तिमाहीला मागेल? अंधारात राहणे ज्यांना परवडते त्यांनाच अंधारात ठेवता येते. आणि जिथे मंडळ अंधारात नव्हते तिथली कथा आपल्याला ठाऊक आहेच. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे, राज्यातल्या बड्या नेत्यांनी भरलेले मंडळ मे २०११ मध्ये बरखास्त करून प्रशासक नेमावा लागला. तिथे कर्ज देणारे आणि कर्ज घेणाऱ्या साखर कारखान्यांचे कर्तेधर्ते यांत फरक करणेच अवघड होते.

ठेवीदाराला पूर्ण संरक्षण दिले तर तो बेफिकीर होईल, बँकाही बेफिकीर होतील, असा अर्थशास्त्रज्ञांचा एक जुना आणि गंभीर आक्षेप आहे. त्याला जोडून व्यापारी बँकांची तक्रार येते: विम्याच्या हप्त्याचा मोठा भाग आम्ही भरतो आणि दावे मात्र बहुतेक सहकारी बँकांचे असतात. दुसरी तक्रार मला पटते. वर्षानुवर्षे सगळ्या बँकांना एकाच दराने हप्ता लावणे म्हणजे जोखीम घेणाऱ्याला बक्षीस देणे. हप्ता जोखमीनुसारच असायला हवा. पहिला आक्षेप मात्र उलटा आहे. शिस्त त्याच्याकडूनच मागता येते ज्याच्या हाती माहिती आहे आणि साधन आहे. ठेवीदाराकडे एकच साधन असते, पैसे काढून घेणे, आणि निर्बंध आले की पहिल्याच क्षणी तेच काढून घेतले जाते. ज्यांच्याकडे माहिती असते त्यांना त्या क्षणाची चाहूल आधी लागते आणि ते आधी बाहेर पडतात. म्हणजे ठेवीदाराच्या भीतीतून बँकेला शिस्त लागत नाही. जवळचे आणि लांबचे असे ठेवीदारांचे दोन वर्ग तेवढे पडतात. शिस्त लावायची असेल तर ती संचालकाच्या मुदतीला, लेखापरीक्षकाच्या सहीला, एका कर्जदाराला द्यायच्या कर्जाच्या मर्यादेला लावायची असते.

म्हणून सहकारी बँका बंदच करा, असे सांगणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. टॅक्सीचे कर्ज, दुकानाच्या गाळ्याचे कर्ज, सोन्यावरचे चार दिवसांचे कर्ज मोठ्या बँका मनापासून देत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. आणि ठेवीदार वाचवता येतो हेही दिसले आहे. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींच्या अपहाराचा प्रकार उघड झाला आणि १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध आले. ४ ऑगस्टला ती सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवी पूर्ण सुरक्षित राहिल्या. पीएमसीला अठ्ठावीस महिने, इथे सहाही नाहीत. पण ते घडले कारण भोक लहान होते आणि ते बुजवायला तयार असलेली सक्षम बँक शेजारीच होती. पुढच्या वेळी शेजारी तसा नसला तर काय, याचे उत्तर कायद्यात अजून नाही. मोठ्या नागरी बँकांना संचालक मंडळाखेरीज व्यवस्थापन मंडळ नेमण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या शेवटच्या दिवशी घातले. त्यात बँकिंग जाणणारी माणसे असावीत असे म्हटले, ठेवीदारांचा प्रतिनिधी असावा असे म्हटले नाही. ठरावीक रकमेवरच्या आणि ठरावीक मुदतीच्या ठेवीदारांना या मंडळावर एक-दोन माणसे निवडून देता आली, तर बँकेचे काही बिघडणार नाही. संचालकांच्या बाबतीत मात्र कायदा लगेच हलतो: २०२० मध्ये त्यांच्या सलग मुदतीवर घातलेली आठ वर्षांची मर्यादा २०२५ मध्ये दहा वर्षांवर गेली.

आणि हे सगळे बँकांपुरते झाले. पतसंस्थांना आणि बहुराज्य पतसंस्थांना ठेव विमा नाहीच. जळगावची रायसोनी, बीडची ज्ञानराधा ही नावे खानदेशात आणि मराठवाड्यात आजही घरोघर उच्चारली जातात. तिथला ठेवीदार पीएमसीच्या ठेवीदाराहून गरीब आहे, विखुरलेला आहे आणि मुंबईच्या वाहिन्यांपासून लांब आहे. त्याने पिग्मी एजंटाकडे रोज पन्नास-शंभर रुपये भरले, ऊसतोडीची उचल ठेवली, जमीन विकून आलेले पैसे ठेवले. त्याच्यासाठी १९९९ चा राज्याचा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. त्यानुसार मालमत्ता जप्त होतात, त्यांची मूल्यांकने होतात, लिलाव पुकारले जातात, त्यांवर हरकती येतात. तालुक्याच्या ठिकाणी संस्थेची इमारत कुलूपबंद असते आणि ठेवीदारांचा मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर जातो. तिथून त्याला सहकार खात्याकडे पाठवतात. बहुराज्य संस्था असेल तर तेही खाते हात वर करते, कारण तिचा निबंधक दिल्लीत बसतो.